उजेडात साडी बघणारी बाई

मामाचं सांगलीच्या कापडपेठेत साड्यांचं दुकान आहे. मागच्या लग्नसराईत तिथून दोन पैठण्या गेल्या. दुकानात कॅमेरा होता. रात्री शटर ओढून आम्ही तीन तास फुटेज मागेपुढे केलं, तेव्हा एक हात, एक पिशवी आणि पंख्याच्या पात्यांआड अर्धवट झाकलेलं एक डोकं एवढंच दिसलं. पोलिसांना पेनड्राइव्ह दिला. पैठण्या काही आल्या नाहीत.

मग मामाने दोन कोटेशनं मागवली आणि माझ्यापुढे टाकली. "तू कॉम्प्युटरातला, तूच सांग." पहिलं साधं: चार कॅमेरे, डीव्हीआर, एक टीबीची हार्ड डिस्क. दुसरं 'एआय सर्व्हेलन्स'चं: चेहरा ओळखणार, रेंगाळणारा माणूस हेरणार, संशयास्पद हालचाल दिसली की मोबाइलवर अलर्ट देणार, आणि कोणता नोकर किती वेळ रिकामा बसला याचा रोजचा रिपोर्ट पाठवणार. महिन्याचं भाडं वेगळं.

पहिल्या दिवशी मी दुसऱ्या कोटेशनच्या बाजूने होतो. मी सॉफ्टवेअर लिहितो, नव्या गोष्टीचं मला अप्रूप आहेच. शिवाय दोन पैठण्या म्हणजे मामाच्या आठवड्याभराच्या नफ्याचा प्रश्न होता. मग मी डेमो नीट पाहिला.

साध्या कॅमेऱ्याला आपण 'बघणारा' म्हणतो, पण तो बघत काहीच नाही. तो साठवतो. चार कॅमेऱ्यांचं दहा-पंधरा दिवसांचं चित्रण एका टीबीत मावतं, डिस्क भरली की सगळ्यात जुना दिवस पुसून त्यावर आजचा दिवस लिहिला जातो. ते चित्रण कोणी पाहत नाही. काही घडलं तरच माणूस त्याच्याकडे जाऊन विचारतो, 'मंगळवारी चार वाजता काय झालं?' चोरी थांबवायला याचा फारसा उपयोग नाही, हे आम्ही अनुभवलं. पण ज्या शेकडो गिऱ्हाइकांनी काहीच केलं नाही, त्यांच्याबद्दल कोणी काही विचारत नाही आणि ती पंधरवड्यात पुसलीही जातात.

एआय कॅमेरा एकसारखा प्रश्न विचारत असतो. सेकंदाला कित्येक फ्रेम तपासून प्रत्येक आकृतीभोवती चौकट काढतो आणि शून्य ते एकमधला एक आकडा देतो: माणूस, ०.९१. त्यावर नियम रचलेले असतात. एका जागी अमुक मिनिटांपेक्षा जास्त थांबला तर 'रेंगाळणं'. वस्तू हातात घेऊन पैसे न देता दाराकडे गेला तर 'संशयास्पद'. चेहऱ्याची आकड्यांची माळ होते, ती यादीतल्या माळांशी ताडून पाहिली जाते. किती जुळलं म्हणजे 'तोच' म्हणायचं, ही रेषा कोणीतरी आखलेली असते. आमच्या कोटेशनमधली रेषा आखणाऱ्याने कापडपेठ पाहिली नसावी.

कारण डेमो सुपरमार्केटचा होता. ट्रॉली, रांगा, बिलिंग काउंटर. साडीच्या दुकानात काय होतं? बाई गादीवर पसरलेल्या वीस साड्यांतून एक उचलते आणि दाराशी जाते. ट्यूबलाइटखाली रंग फसवा दिसतो, म्हणून तिला ती उजेडात बघायची असते. मामा स्वतःच सांगतो, "ताई, बाहेर नेऊन बघा की." एआयच्या हिशेबात ही पैसे न देता वस्तू घेऊन बाहेर निघालेली बाई. बस्त्याला आठ माणसं येतात, तिघं साड्या बघतात, पाच जण चहा पीत तासभर बसून राहतात. हे रेंगाळणं. आमच्या धंद्याची रीतच त्या यंत्राला गुन्ह्याच्या तयारीसारखी दिसेल.

सेटिंग बदलता येईल, असं विक्रेता म्हणाला. येईलही. पण गणित उरतंच. समजा दिवसाला ५०० गिऱ्हाइकं आली आणि त्यात एक चोर आहे. समजा यंत्र इतकं चांगलं आहे की निरपराध माणसाबद्दल शंभरात एकदाच चुकतं आणि चोर हमखास पकडतं. तरी दिवसाला सहा अलर्ट येतील, आणि त्यातली पाच माणसं निर्दोष असतील. बहुतेक दिवशी चोर येतच नाही, त्या दिवशी सगळेच अलर्ट खोटे. '९९ टक्के अचूक' या शब्दांत ही पाच माणसं दिसत नाहीत.

अमेरिकेत ती दिसली. राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने २०१२ ते २०२० या काळात शेकडो दुकानांत चेहरा ओळखणारी यंत्रणा चालवली. यादीतले अनेक फोटो अंधूक होते, दुकानांतल्या कॅमेऱ्यांतून आणि नोकरांच्या मोबाइलमधून घेतलेले. चुकीचे अलर्ट आले की कर्मचारी त्या माणसाच्या मागे फिरत, झडती घेत, बाहेर काढत. एकदा ११ वर्षांच्या मुलीची झडती घेतली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर पाच वर्षं ही यंत्रणा वापरायला बंदी घातली.

यावर एक खरा आक्षेप आहे. माणसाची नजर तरी कुठे निर्मळ असते? मळकी साडी नेसलेली बाई आत आली की आमच्याही दुकानातल्या नजरा तिच्यामागे फिरतात, हे मी लहानपणापासून बघतोय. यंत्राला जात-पात कळत नाही, असं विक्रेते म्हणतात. पण २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही. मॉडेलं तेव्हापासून सुधारली आहेत. तरी यादीत फोटो कोणाचे घालायचे हे दुकानदारच ठरवणार, म्हणजे त्याची नजर यंत्रात शिरणारच. आणि मामाने रोखून पाहिलं तर ती बाई त्याला सुनावू शकते, "काय बघताय?" अलर्ट आल्याचं तिला कळणारही नाही.

गिऱ्हाईक निदान निघून जातं. नोकर दहा तास त्याच चौकटीत असतो. आमच्याकडे गादीवर बसणारे काका वीस वर्षं आहेत. गिऱ्हाईक दोन साड्यांत अडकलं की ते गप्प बसतात, अर्धा अर्धा तास. कधी बोलायचं नाही, हेच त्यांचं कसब. रिपोर्टात हा वेळ 'निष्क्रिय' म्हणून येईल. मामा आज त्यांना चांगलं ओळखतो. रोज सकाळी चहाबरोबर तो आकडा वाचून वर्षभराने तो त्यांना कसं ओळखेल, याची मला भीती वाटली. कायद्याचा आधारही फार नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीविना डेटा वापरायला वाट ठेवतं.

आणि 'माणूस लागणार नाही' हे आश्वासनही तपासून घ्यावं. अ‍ॅमेझॉनने आपल्या फ्रेश दुकानांतून 'जस्ट वॉक आउट' ही बिनकाउंटरची पद्धत काढायची २०२४ मध्ये ठरवली. त्या वेळच्या बातम्यांनुसार भारतातली सुमारे १,००० माणसं त्या दुकानांतलं चित्रण तपासत होती. कंपनीचं म्हणणं, ते काम मुख्यतः मॉडेलला शिकवण्यासाठी होतं. काहीही असो, बघणारा माणूस गेला नव्हता, लांब गेला होता.

म्हणून एआय फेकून द्या, असं मी म्हणत नाही. रात्री दहाला शटर पडल्यावर आत माणूस दिसला, तर तो कोण, कसा, याचा अंदाज बांधावा लागत नाही. तिथे तो असणंच चूक आहे. धुराचंही तसंच, कापडाच्या दुकानात तर नक्कीच. जिथे प्रश्न 'आहे की नाही' एवढाच आहे, तिथे यंत्र चांगलं. 'मनात काय आहे' असा प्रश्न सुरू झाला की त्याला हटवावं.

मामाला मी तेच सांगितलं: साधे चार कॅमेरे, एक पंख्यापासून लांब, दाराशी चेहऱ्याच्या उंचीवर, डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदललेला, आणि फक्त शटर बंद असताना चालणारा अलर्ट. चेहऱ्यांची यादी नको, नोकरांचा रिपोर्ट नको.

"म्हणजे दिवसा पुन्हा पैठणी गेली तर?" त्याने विचारलं.

"तर जाईल," मी म्हणालो. "या वेळी चेहरा दिसेल."

तो काही बोलला नाही. बराच वेळ दोन्ही कागद हातात धरून बसला. अजून त्याचं ठरलेलं नाही. तेवढ्यात एक बाई साडी घेऊन दाराकडे निघाली आणि सवयीने तो उठला, तिला उजेडाची जागा करून द्यायला.