गोंदियाकडील जुनीं छायाचित्रें व त्यांचें परीक्षण

गोंदिया जिल्ह्यांतील जुन्या घराण्यांच्या पेट्यांतून पडून राहिलेलीं छायाचित्रें आतां मोबाईलवरून घरोघर फिरूं लागलीं आहेत, हें इष्टच होय. कागदास एकदां वाळवी लागली कीं मागें कांहीं उरत नाहीं. प्रतिरूप दहा घरीं गेलें तर एखादें तरी वांचतें. तथापि ज्या रीतीनें हा विनिमय चालला आहे, ती आम्हांस सदोष वाटते.

पहिला दोष मथळ्यांचा. 'गोंदिया जिल्हा, सन १९२०' अशा धर्तीचा मथळा चित्राखालीं आला कीं तो मागाहूनचा समजावा. हा जिल्हा भंडाऱ्यांतून निराळा झाला तो १९९९ सालीं. १९२० मध्यें हा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडांतील भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. यावरून चित्र खोटें ठरत नाहीं. बखरीच्या समासांत नकलकारानें घातलेली ओळ आपण मूळ संहितेंत धरीत नाहीं, तोच न्याय येथें लावावा.

मथळ्यापेक्षां चित्रांतील वस्तु अधिक विश्वसनीय. गोंदिया स्टेशनाच्या चित्रांत जबलपुराकडील अडीच फुटी रूळ दिसत असले, तर तें एकोणिसाव्या शतकांतलें म्हणतां येणार नाहीं. ती शाखा विसाव्या शतकाच्या आरंभींची. डब्यावर 'बी. एन. आर.' हीं अक्षरें असलीं, तर बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली त्या १८८७ च्या अलीकडे यावें लागतें. कंपनीचा कारभार १९४४ सालीं सरकारनें घेतला. पण रंगविलेलीं अक्षरें सरकारी हुकुमासरशीं पुसलीं जात नाहींत, म्हणून अलीकडची मर्यादा त्यांवरून ठरवूं नये.

दुसरा दोष याहून मोठा. चित्र उतरून घेतांना पुठ्ठ्याची कड कापतात व पाठ कोणी पाहतच नाहीं. स्टुडिओचा शिक्का कडेवर वा पाठीवर, आणि पेन्सिलीनें लिहिलेलें नांव पाठीवरच असावयाचें! रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांत (१९१६) गोंड बायका दळतांना, गोंड प्रवासास निघालेले, अशीं चित्रें आहेत. ग्रंथ मोलाचा खरा, पण त्या दळणाऱ्या बायका कोण, हें मथळा सांगत नाहीं. घरगुती छायाचित्रांचें महत्त्व आम्ही मानतों तें याचसाठीं: तेथें जातीऐवजीं माणूस सांपडतो. मात्र तें नांव एखाद्या आजीबाईच्याच स्मरणांत असतें व तिच्याबरोबर जातें.

सबब, दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी; नांव कोणीं सांगितलें, सांगणाराचें नातें काय, कोणत्या तारखेस टिपलें, हें जोडावें; आणि मूळ चित्र ज्याचें त्याच्या घरीं परत करावें. मूळ घेऊन कुलुपांत घालणाऱ्या संग्राहकांस हें शेवटलें कलम रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण एका घरचें चित्र परत आलें नाहीं, ही वार्ता गांवांत पसरली कीं दुसरी पेटी उघडत नाहीं. जुन्या स्टुडिओंतून कांचेच्या पाट्या मिळाल्यास त्या आडव्या एकमेकींवर रचूं नयेत. प्रत्येकीस कागदी वेष्टण घालून लांब कडेवर उभ्या ठेवाव्या.