एका क्रियापदाचें बिऱ्हाड

रोमन लिपींतील अवघ्या तीन अक्षरांच्या ‘सेट’ ह्या इंग्रजी क्रियापदानें कोशकारांना जितकें राबविलें तितकें क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दानें राबविलें असेल. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची पहिली आवृत्ति १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागांनीं बाहेर पडली; तींत सर्वांत लांब नोंद ह्याच शब्दाची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींतही त्याचा हा मान ढळला नाहीं. पुढें संपादकांनीं फेरतपासणी आरंभिली, ‘रन’ हें क्रियापद पुढें सरकलें, आणि त्याचे एकट्याचे ६४५ अर्थ भरल्याचें २०११ मध्यें प्रसिद्ध झालें.

असले आंकडे वाचले कीं आमच्या सुशिक्षित मंडळींकडून एक ठरीव उद्गार निघतो: केवढी ही श्रीमंत भाषा, आणि केवढी दरिद्री आमची मराठी! आमच्या मतें हा उद्गार अविचाराचा आहे. जेथें इंग्रज ‘सेट’ म्हणून मोकळा होतो तेथें आमचा सूर्य मावळतो, आम्ही घड्याळ लावतों, पानें मांडतों, प्रश्नपत्रिका काढतों, आणि छापखान्यांत खिळे जुळवितों. त्यांचें एक क्रियापद, आमचीं पांच. मग दारिद्र्य कोणाचें? पण हा टोलाही तितकाच पोकळ आहे. आमचें ‘लागणें’ पाहा. भूक लागते, ठेंच लागते, दृष्ट लागते, नोकरी लागते. वाटेंत नदी लागते. मूल रडूं लागतें आणि अखेर त्याला उचलून घ्यावें लागतें. ह्यांतला अर्थ बव्हंशीं शेजारच्या शब्दांत आहे. त्याचे तुकडे किती पाडावयाचे हें कोशकाराच्या सुरीवर अवलंबून. तेव्हां ६४५ ही संख्या जितकी क्रियापदाची तितकीच संपादकाच्या चिकाटीची!

खरी मौज मोजदादींत नाहीं, कुळांत आहे. ‘सेट’ हें मूळचें ‘सिट’ म्हणजे बसणें ह्याचें प्रयोजक रूप; म्हणजे सरळ आमचें ‘बसविणें’. मग पाहा, दोन्ही भाषा किती दूरवर हातांत हात घालून चालतात! निखळलेलें हाड तेही बसवितात, आम्हीही बसवितों. हिरा कोंदणांत बसवितात, गीताला चाल बसवितात, इतकेंच काय, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवितात तेथेंही इंग्रजी शेतकरी हेंच क्रियापद योजतो. वाटा फुटतात त्या पुढें. आम्ही नाटक बसवितों, घडी बसवितों, गणपति बसवितों. तेथें त्याला आमच्या संगतीस येतां येत नाहीं.

स्वर बदलून प्रयोजक घडविण्याची ही रीत इंग्रजींत आतां मेली आहे. तिच्या खुणा मात्र राहिल्या. ‘फॉल’ पडणें, ‘फेल’ झाड पाडणें. ‘ड्रिंक’ पिणें, आणि ‘ड्रेंच’ म्हणजे मूळांत पाजणें. गुराढोरांना औषध पाजण्याला तिकडे अजून तोच शब्द आहे. ज्याच्या घरीं पडणें-पाडणें, मरणें-मारणें, तुटणें-तोडणें अशा जोड्या रात्रंदिवस नांदतात, त्या मराठी मुलाला हें सांगितल्यास तो एका घटकेंत समजेल. पण बाजारांतील मार्गदर्शिका त्याच्यापुढें काय टाकतात? ‘सेट अप’, ‘सेट इन’, ‘सेट ऑफ’, ‘सेट असाइड’ ह्यांची वाण्याच्या यादीसारखी यादी, समोर एकेक प्रतिशब्द, आणि आज्ञा एकच: पाठ करा. ह्या पुस्तकांवर आमचा राग आहे खरा, परंतु तसलीच यादी आम्हींही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिली.

प्राध्यापकीच्या आरंभींच्या दिवसांतील एक गोष्ट येथें सांगणें प्राप्त आहे. एका विद्यार्थ्यानें निबंधांत वैद्यानें हाड बसविलें असें लिहितांना ‘सिट’चेंच भूतकाळी रूप ‘सॅट’ योजलें होतें. आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली, वाक्य वर्गांत मोठ्यानें वाचलें, आणि वर्ग पोटभर हंसला. तो खालीं मान घालून बसला होता. पुढें कोश चाळतांना ‘सेट’चें कूळ आमच्या ध्यानांत आलें, तेव्हां तो मुलगा डोळ्यांपुढें उभा राहिला. ‘बसणें’वरून ‘बसविणें’कडे जी वाट इंग्रजी भाषा शेंकडों वर्षांपूर्वीं चालून गेली, तीच तो आपल्या मराठीच्या आधारानें एकटा शोधीत होता. चुकला तो एका स्वरापुरता. आणि तो स्वर सांगावयाला आम्ही तेथें नेमलेले होतों.