७२ टक्के हे उत्तर नाही : एनसीडीसीच्या अँटिबायोटिक सर्वेक्षणाबद्दल

फार्माकोलॉजी किंवा फार्मसी प्रॅक्टिसमध्ये संशोधन करायचं म्हटलं, की आपल्या छत्रपती संभाजीनगरात एक विषय हमखास निघतो : ‘रुग्णालयातील अँटिबायोटिकच्या वापराचा अभ्यास’. घाटीसारखं मोठं रुग्णालय शहरातच आहे आणि विषय गंभीर आहे. सिनॉप्सिसच्या सुरुवातीला द्यायला एक आकडाही तयार असतो, ७२ टक्के. तो ज्या अहवालातून येतो, तो आज नीट वाचू.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने (एनसीडीसी) नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ मध्ये देशातल्या २० रुग्णालयांत ‘पॉइंट प्रिव्हॅलन्स सर्व्हे’ केला. म्हणजे ठरल्या दिवशी वॉर्डात भरती असलेल्यांचे केसपेपर बघायचे आणि कोणाला कोणतं अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे ते नोंदवायचं. ९,६५२ रुग्णांपैकी ७१.९ टक्के जणांना ते चालू होतं. पद्धत स्वस्त आहे, सगळीकडे सारखी राबवता येते. अशी देशव्यापी नोंद आपल्याकडे नव्हतीच, त्यामुळे कामाचं मोल मोठं आहे.

पण ७२ टक्के म्हणजे जास्त की बरोबर? अहवालातच रुग्णालयांमधला फरक ३७ पासून १०० टक्क्यांपर्यंत आहे. इतक्या फरकाची सरासरी कोणत्याच रुग्णालयाचं वर्णन करत नाही. घाटीत मराठवाडाभरातून गंभीर रुग्ण पाठवले जातात. तिथला आकडा एखाद्या छोट्या रुग्णालयापेक्षा जास्त निघाला, तर तेवढ्यावरून डॉक्टरांना दोष देता येणार नाही.

दुसरा गाजलेला आकडा ६ टक्क्यांचा. उपचारासाठी अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी फक्त एवढ्यांना ते जंतू ओळखल्यावर दिलं होतं. बाकी ९४ टक्के अंदाजाने. यावरून ‘डॉक्टर डोळे झाकून लिहितात’ असं म्हणणं सोपं आहे. पण कारणं निदान चार असू शकतात : सॅम्पल पाठवलंच नाही, कल्चरचा रिपोर्ट यायचा होता, आधीच बाहेर डोस झाल्याने कल्चरमध्ये काही वाढलं नाही, किंवा रिपोर्ट आला पण औषध कोणी बदललं नाही. एका दिवसाच्या पाहणीत ही चार कारणं वेगळी करता येत नाहीत. आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. पहिल्याला प्रशिक्षण लागेल, दुसऱ्याला वेगवान लॅब. निदान चुकलं, तर पैसा भलतीकडेच जाईल.

‘वॉच’ गटाचंही तसंच. डब्ल्यूएचओच्या ‘अवेअर’ वर्गीकरणानुसार ५७ टक्के औषधं वॉच गटातली होती आणि ३८ टक्के ॲक्सेस गटातली. वॉच म्हणजे जपून वापरा. वापरूच नका असं नाही. सेफ्ट्रियाक्झोन वॉचमध्ये आहे, पण मेंदूज्वराच्या रुग्णाला सुरुवातीला तेच द्यावं लागतं.

माझ्या मते अहवालातला सगळ्यात बोलका आकडा मागे राहिला आहे. ५५ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक संसर्ग होऊ नये म्हणून, प्रतिबंधासाठी दिलेलं होतं. बहुतेक ऑपरेशनमध्ये चिरा देण्याआधी तासाभरात दिलेला एक डोस पुरतो. २४ तासांपुढे तो चालू ठेवून सहसा काही फायदा होत नाही. इथे ना कल्चर लागतं, ना नवी लॅब. म्हणजे सुधारणा उद्यापासून करता येईल अशी जागा हीच, आणि चर्चा मात्र ७२ टक्क्यांचीच झाली.

जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना त्याचं नेमकं कारणही लिहायला सांगितलं. संशोधकाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. कारण लिहिलेलं नसेल, तर औषध मोजता येतं, योग्य की अयोग्य ते ठरवता येत नाही.

म्हणून तुमचा प्रोफॉर्मा बनवताना औषधाच्या नावाशेजारी आणखी चार रकाने ठेवा : कारण लिहिलंय का, पहिल्या डोसआधी सॅम्पल गेलं का, रिपोर्ट कधी आला, आणि त्यानंतर ४८ तासांत काही बदललं का. रुग्ण थोडे कमी घ्या, पण प्रत्येकाचा केसपेपर डिस्चार्जपर्यंत बघा. टक्केवारीपुढे ‘अविवेकी वापर’ असा शेरा मारायचा असेल, तर रात्री तीन वाजता ते औषध लिहिणाऱ्या रेसिडेंटसमोर तो सिद्ध करता आला पाहिजे.