‘लेट स्प्रिंग’ : मौनाची किंमत

यासुजिरो ओझू यांचा १९४९ चा ‘लेट स्प्रिंग’ हा जपानी चित्रपट चहाविधीने सुरू होतो. कामाकुरात विधुर प्राध्यापक सोमिया आणि त्यांची २७ वर्षांची मुलगी नोरिको राहतात. तिने लग्न करावे म्हणून वडील स्वतःच्या पुनर्विवाहाची बतावणी करतात. ‘नोह’ नाटकाच्या प्रयोगात ते एका विधवेला मान लववून अभिवादन करतात. नोरिको ते पाहते आणि तिचा हसरा चेहरा झाकोळून जातो. दोघांत एक शब्दही होत नाही.

अशा मौनाचे आपण सहसा कौतुक करतो. इथे शब्द खोटे आहेत आणि खरी माया मौनातच आहे, हे मान्य. पण त्या मौनाने मुलीची निवडही हिरावली जाते. क्योतोत ती वडिलांजवळच राहण्याची इच्छा उघड बोलून दाखवते. ते संसाराचा उपदेश करतात आणि शेवटी तीच माफी मागते.

ओझू हा त्याग साजरा करीत नाहीत. लग्नसोहळा आणि नवरदेव पडद्यावर येतच नाहीत. दिसतो तो एकटा बाप, सफरचंद सोलता सोलता थांबलेला हात आणि खाली गेलेली मान. न बोलता जुळलेले नाते न बोलताच तुटते, आणि बाप-लेक दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.