चित्रावरील नाव आणि चित्रकाराची ओळख : गंगाराम तांबट यांच्या निमित्ताने

बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांच्या अभंगांतील 'मन्मथ' ही नाममुद्रा कर्तृत्वनिश्चितीचे पहिले साधन मानली जाते. मुद्रा चरणात गुंफलेली असल्याने ती पदासोबत टिकते. तथापि केवळ मुद्रेवर विसंबता येत नाही. 'नामा' या मुद्रेखाली नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या, हे सर्वश्रुत आहे. चित्राच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. तेथे नाव चित्रकाराने घातले, चित्र करवून घेणाऱ्याने टिपले, की पुढे संग्राहकाने जोडले, हे आधी ठरवावे लागते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात काम करणारे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे या दृष्टीने विचारात घेण्यासारखे उदाहरण होय. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यांनी रेखाटने केली. वेरूळची लेणी, पर्वतीची टेकडी व तेथील मंदिरे, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा (नोव्हेंबर १७९०) असे त्यांचे विषय आहेत. त्यांची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुण्याचा चित्रकार पुण्याबाहेर, नव्हे देशाबाहेर शोधावा लागतो, ही गोष्ट मराठी अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे.

त्यांच्याविषयीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे त्यांचे नाव. गंगाराम हे स्वतःचे, चिंतामण हे वडिलांचे, नवगिरे हे आडनाव आणि तांबट ही व्यवसायाची व जातीची खूण. ही उकल मराठी वाचकाला कोणी शिकवावी लागत नाही. इंग्रजी लेखनात मात्र 'गंगाराम तांबट' एवढेच रूढ झाले. त्यामुळे व्यवसायवाचक शब्द आडनावाच्या जागी बसला आणि चिंतामण व नवगिरे हे दोन्ही दुवे मागे पडले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी सर्वपरिचित आहे. शोध घेणाऱ्याने केवळ 'तांबट' या शब्दामागे जायचे ठरविले, तर त्याच्या हाती अवघी जमात लागेल. 'नवगिरे' या नावामागे गेल्यास एखादे घराणे लागण्याची शक्यता आहे. संशोधनाची दिशाच येथे बदलते. गंगाराम स्वतः तांब्याची भांडी घडवीत होते, असे मात्र या नावावरून सिद्ध होत नाही. जातिनाम आणि प्रत्यक्ष व्यवसाय यांत अंतर पडल्याची उदाहरणे पेशवाईत कमी नाहीत.

छापील ग्रंथांतील श्रेयाकडे पाहिले की दुसरा पेच पुढे येतो. वेरूळच्या लेण्यांची थॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेली चित्रमाला जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवर आधारलेली आहे. वेल्स १७९५ मध्ये वारला होता. तरी त्याचे नाव मुखपृष्ठावर राहिले. मॅलेटने १७९९ मध्ये वेल्सच्या मुलीशी विवाह केला, हा योगायोग श्रेयरक्षणाच्या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगा नव्हे. ज्याच्या मागे वारस, प्रकाशक व आश्रयदाता उभे असतात, त्याची सही टिकते. गंगाराम यांच्यामागे असे कोणी नव्हते. सवाई माधवरावांच्या दरबाराचे प्रसिद्ध चित्रही डॅनियलच्याच नावावर नोंदले जाते.

मात्र या अन्यायाच्या जाणिवेतून मॅलेटच्या संग्रहातील प्रत्येक अनामिक चित्र गंगाराम यांना बहाल करणे, ही उलट दिशेची चूक ठरेल. पुण्यात त्या काळी एकच चित्रकार होता, असे मानण्यास आधार नाही. नाव नोंदलेली चित्रे एका बाजूस, शैलीसाम्यावरून जोडलेली दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी सूचीत स्पष्ट दिसली पाहिजे. पहिल्या गटातही प्रत्येक नोंदीचे हस्ताक्षर, शाई आणि लिपी स्वतंत्रपणे तपासावी लागते. देवनागरी नोंद आणि इंग्रजी नोंद यांची साक्ष सारख्या वजनाची नसते, कारण इंग्रजी लिपीत उतरलेले नाव बहुधा ऐकणाऱ्याच्या कानाचे असते.