स्वप्नातल्या जमिनीचा सातबारा

अतिवास्तववादी निसर्गचित्रातील स्वप्न हे जात-वर्गाच्या पलीकडचे, सर्व मानवांचे असते, असे आपल्याकडील प्रस्थापित कलासमीक्षा गृहीत धरून चालते. हे गृहीतच मला तपासायचे आहे.

साल्वादोर दालीचे १९३१ सालचे ‘स्मृतीचे सातत्य’ हे चित्र घ्या. मऊ पडून ओघळणारी घड्याळे सर्वांना आठवतात. मागच्या कड्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. ते कडे कॅटलोनियातील, दालीच्या स्वतःच्या किनाऱ्यावरचे आहेत. म्हणजे ज्याला आपण अधांतरी स्वप्न म्हणतो, त्यालाही गाव आहे.

मराठी चित्रकारांत या वाटेच्या जवळ गेले ते प्रभाकर बरवे (१९३६–१९९५). पान, फळ, घड्याळ अशा साध्या वस्तू ते सपाट, मोकळ्या अवकाशात मांडतात. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) लिहून त्यांनी चित्रविचार मराठीत आणला, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांच्या अवकाशात वस्तू वापरातून आणि वापरणाऱ्या हातातून सुटलेली असते. ही सुटका वस्तूला मिळाली. माणसाला मिळाली काय?

इथे नागपूरचे आंबेडकरी चित्रकार सवी सावरकर आठवतात. गळ्यात मडके, सोबत झाडू असा अस्पृश्य त्यांनी रंगविला. परक्या प्रेक्षकाला हे दुःस्वप्न वाटेल. वस्तू भलत्याच जागी ठेवणे ही तर अतिवास्तववादाची रीतच! पण पेशवाईतील पुण्यात हे मडके आणि हा झाडू सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नोंदवून ठेवले आहे. ही कल्पना चित्रकाराची नव्हे, धर्मसत्तेची.

मी हे कोऱ्हाळे बुद्रुकहून लिहितो आहे. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात उसाचे हिरवेगार निसर्गचित्र कोणीही काढील. त्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्या काढल्या की चित्र बदलते. हंगामात रानात उगवणाऱ्या आणि हंगाम संपताच नाहीशा होणाऱ्या त्या कोप्या स्वप्नासारख्याच दिसतात. त्यांच्यामागे मात्र मुकादमाकडून घेतलेली उचल असते.

आपल्या तरुण चित्रकारांनी स्वप्ने रंगवू नयेत, असे माझे म्हणणे नाही. ज्यांना वास्तवात जागा नाकारली गेली, त्यांचा स्वप्नावर हक्क अधिकच आहे. फक्त प्रतीकापुढे उभे राहताना दोन प्रश्न विचारावेत: ही वस्तू कोणाच्या अंगावरून उतरली? आणि ही मोकळी दिसणारी जमीन कोणाच्या नावावर आहे?