नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

बेलापूरकर मंडळी, गेल्या खेपेचा एक प्रश्न राहून गेला होता. इंग्रजांना आपले लोक 'टोपीकर' म्हणत, ती शिवी होती का? आम्हाला तसे वाटत नाही. मराठीत नाव ठेवणे निराळे आणि नावे ठेवणे निराळे.

न्यायशास्त्रात योगरूढ शब्द सांगतात. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले. पण बेडकाला कोणी पंकज म्हणतो का? कमळालाच म्हणतात. 'टोपीकर' तसाच. टोपी घालणारा प्रत्येक जण नव्हे, तर समुद्रावरून आलेला युरोपीय. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच सगळे याच एका शब्दात बसवले आहेत, आणि बजावले आहे की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत. म्हणजे टोपी दिसली, तसे टोपीखालचे डोकेही दिसले! ('टोपी घालणे' यावरून आले, असे कोणी म्हणेल. ऐकायला गमतीचे, पण व्युत्पत्ती म्हणून आम्ही ते धरत नाही.)

'फिरंगी'चे मात्र ऐतिहासिक मालिकांनी पार वाटोळे केले. दिसला गोरा की फिरंगी. शिवकाळात फिरंगी म्हणजे मुख्यतः गोव्याचा पोर्तुगीज, इंग्रज वेगळा. आणि शब्दात नुसती तुच्छताच असती, तर आपण तलवारीला 'फिरंग' म्हटले असते? चाकणचा किल्ला लढवणाऱ्याचे नावच फिरंगोजी नरसाळा.

आता 'इष्टुर फाकडा' बघा. जानेवारी 1779, वडगावची मोहीम. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनी त्याचे नाव आपल्या जिभेला सोसेल तसे मोडून घेतले आणि पुढे 'फाकडा' जोडले. फाकडा म्हणजे बहाद्दर, ऐटबाज. लढाईतल्या शत्रूला अशी पदवी बरोबरीचा माणूसच देतो.

1818 ला पेशवाई गेली, आणि ही बरोबरीही गेली. मग आला 'साहेब'. मुळात अरबी, अर्थ सोबती, धनी. त्यातला सोबती आपण सोडला, धनी ठेवला. साहेबाचा देश म्हणजे इंग्लंड, साहेबाची भाषा म्हणजे इंग्रजी. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात इथल्या हरेगावच्या कारखान्याचा गोरा अधिकारी यायचा, तोही नुसता 'साहेब'. त्याला स्वतःचे नाव असेल, हे कुणाच्या मनातही येत नसे. मोडून घ्यायला तरी नाव तोंडात यावे लागते ना!

परवा कचेरीत आम्हीच विचारले, 'साहेब आहेत का?' शिपाई म्हणाला, 'मोठे का धाकटे?'